मधल्या दिवसांचा खाडा

‘नाच गं घुमा’ आम्ही कासुर्डीत, आमच्या घरीच टीव्हीवर पाहिला. आम्ही म्हणजे सासूबाई, मी, माझा मुलगा आणि आक्का. आक्का आमच्याकडे धुण्याभांड्याला येतात. त्या दिवशी भांडी उरकून त्या दाराला टेकून बसल्या आणि चित्रपट संपेपर्यंत उठल्या नाहीत. सासूबाईंनी दोनदा सोफ्यावर बसायला सांगितलं, दोन्ही वेळा त्या ‘असूंद्या’ म्हणाल्या. मुक्ता बर्वेची राणी चिडली की मला हसू येत होतं आणि नम्रता संभेरावची आशाताई उलट बोलली की आक्कांना. एकच चित्रपट आम्ही दोघी दोन बाजूंनी पाहत होतो, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

चित्रपट संपल्यावर आक्का पदर झटकत उठल्या आणि मला म्हणाल्या, “वैनी, पन मधल्या दिवसांचा खाडा धरला का न्हाई तिचा?”

मला उत्तर देता आलं नाही. आशाताईंना कामावरून काढल्यावर राणीचं घर कसं कोलमडलं, हे सगळं माझ्या लक्षात होतं. त्या दिवसांत आशाताईंच्या घरी चूल कशावर पेटली, या प्रश्नाकडे चित्रपटाचं फारसं लक्ष नव्हतं आणि माझंही नव्हतं. नंतर या चित्रपटाविषयी बरंच वाचलं. संवाद, अभिनय, लांबी, उत्तरार्धातला भावुकपणा, सगळ्याची चर्चा सापडली. आक्कांच्या प्रश्नाइतकी नेमकी समीक्षा मला कुठे मिळाली नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचा मी लावून पाहिलेला माग आहे.

*

आधी शब्दांकडे पाहू. ‘मोलकरीण’ हा शब्द आता आपण टाळतो, कारण तो कमीपणाचा वाटतो. पण त्यात ‘मोल’ आहे. मोल घेऊन काम करणारी ती मोलकरीण. व्यवहार शब्दातच सांगितलेला आहे. ‘सालगडी’ हाही तसाच शब्द. पाडव्याला ठरायचं आणि पुढच्या पाडव्याला सुटायचं, म्हणजे कराराची मुदत नावातच. ‘रोजंदारी’त रोज आहे, ‘उक्त्या’त ठरवलेल्या कामाची एकरकमी मजुरी आहे. आमच्या भागात कांदा काढायला टोळी बोलावतात ती उक्तं ठरवून, आणि ते बोलताना कुणाला लाज वाटत नाही.

स्वयंपाकघरात मात्र आपली भाषा बदलते. तिथे मावशी येतात, ताई येतात, आक्का येतात. मीही ‘आक्का’ म्हणते, त्या मला ‘वैनी’ म्हणतात, सासूबाईंना ‘काकू’. हे खोटं नाही. माझ्या बाळंतपणात आक्कांनी जे केलं ते पगारात मोजता येणार नाही. पण नात्याचा शब्द आला की मोलाचा शब्द मागे सरतो, आणि तो मागे सरल्याचा फायदा कुणाला होतो हे उघड आहे. बहिणीला कुणी ग्रॅच्युइटी देत नाही.

१९८० साली पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला आणि त्यातून संघटना उभी राहिली. तिचं नाव ‘पुणे शहर मोलकरीण संघटना’. त्या बायकांनी मावशी-ताई हे शब्द घेतले नाहीत, ज्यात मोल आहे तोच शब्द घेतला. त्यांच्या मागण्या पगारवाढीच्या, भरपगारी रजेच्या, दिवाळीच्या बोनसच्या होत्या. आक्कांचा खाड्याचा प्रश्न तिथेही होताच.

पुढे कायदा झाला तेव्हा शब्द आला ‘घरेलू कामगार’. मराठी राज्याच्या मराठी कायद्याला घरकाम करणाऱ्या बाईसाठी हिंदीतून विशेषण आणावं लागलं. ‘कामगार’ हा शब्द मिळाला ही मोठी गोष्ट, पण तोवर मोल गळून गेलं होतं.

*

आता पडद्याकडे. मराठी चित्रपटातली सगळ्यांत गाजलेली मोलकरीण १९६३ची, यशवंत पेठकरांच्या ‘मोलकरीण’मधली. सुलोचनाबाईंची ती भूमिका आमच्या सासूबाईंच्या पिढीने डोळे पुसत पाहिली. गोष्ट अशी की आई आपल्याच मुलाच्या घरी, ओळख लपवून, मोलकरीण म्हणून राबते. प्रेक्षक रडतो तो आईला भांडी घासावी लागतात म्हणून. भांडी घासणारी बाई आई नसती, नुसतीच मोलकरीण असती, तर गोष्टच उरली नसती. या चित्रपटाच्या नावात मोलकरीण आहे, पण त्याच्या दुःखाच्या केंद्रात मोलकरीण नाही. ओळख उघडी पडली की अन्याय संपतो, कारण ती खरी मोलकरीण नव्हतीच. ज्या खऱ्या होत्या त्यांचं काय, हा प्रश्न चित्रपटगृहाबाहेर राहिला.

रोहेना गेरांचा ‘सर’ २०१८ साली कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात दाखवला गेला. त्यातली रत्ना महाराष्ट्रातल्या खेड्यातून मुंबईत आलेली तरुण विधवा आहे. तिलोत्तमा शोमने ती अशी उभी केली आहे की स्वयंपाकघरातल्या तिच्या प्रत्येक हालचालीला वजन येतं. नोकर कुठे बसतो, कुठे जेवतो, कुठल्या दारातून येतो, हे या चित्रपटाइतकं नीट फार थोड्यांनी पाहिलं असेल. पण रत्नाला शिवणकाम शिकायचं आहे, कपड्यांची रचनाकार व्हायचं आहे. तिच्या प्रतिष्ठेची वाट घरकामाच्या बाहेर जाते. माणसाने मोठं स्वप्न पाहू नये असं मी म्हणत नाही. मला एवढंच दिसतं की जी बाई उद्याही भांडीच घासणार आहे आणि त्यातच म्हातारी होणार आहे, तिला प्रतिष्ठा कशी मिळावी, हे या गोष्टीत येत नाही.

‘नाच गं घुमा’ १ मे २०२४ला, कामगार दिनी, प्रदर्शित झाला. परेश मोकाशी आणि मधुगंधा कुलकर्णी यांनी एक गोष्ट मोकळेपणाने कबूल केली आहे: नोकरी करणाऱ्या मध्यमवर्गीय बाईचं स्वातंत्र्य दुसऱ्या एका बाईच्या हातांवर उभं आहे. मी रोज हडपसरला नोकरीला जाते, त्यामुळे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, तरी ते पडद्यावर दिसलं याचं बरं वाटलं. पण भांडण मिटतं ते मनं जुळून. दोन बायका एकमेकींना समजून घेतात आणि घर पुन्हा सुरळीत होतं. समजूत हे नात्याचं औषध आहे, आणि समजूत मोडली की दुसऱ्या दिवशी पुन्हा खाडा.

तीन चित्रपट, तीन वाटा: ती आई निघते, ती काम सोडून पुढे जाते, किंवा तिच्याशी मन जुळतं. गिरणी कामगाराच्या बाबतीत असं झालं नव्हतं. नारायण सुर्व्यांच्या कवितेत कामगार कामगार म्हणूनच येतो, त्याला प्रतिष्ठा मिळण्यासाठी कुणाचा तरी हरवलेला बाप निघावं लागत नाही. त्या कामगाराला राज्य विम्याचा कायदा १९४८ साली आणि भविष्य निर्वाह निधीचा १९५२ साली मिळाला होता. कवितेमुळे कायदा झाला असं कुणी म्हणणार नाही. पण ज्याच्याकडे समाज कामगार म्हणून पाहतो त्याच्या म्हातारपणाचा हिशेब मागणं सोपं जातं, एवढं नक्की.

*

हिशेबाचं बोलायचं तर कायदाही वाचायला हवा, आणि मी तो गोष्टीसारखाच वाचते: यात पात्रं कोण आहेत, कोण बोलतं, कोण पैसे देतं.

१९६९चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम घ्या. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यातून तो आला. माथाड्याचा पेच असा की त्याला एक मालक नाही. सकाळी एका व्यापाऱ्याचा ट्रक, दुपारी दुसऱ्याचा. मग रजा कुणी द्यायची, फंड कुणी भरायचा? कायद्याने मधे एक मंडळ आणलं. कामगार मंडळाकडे नोंदवायचा, मालकही नोंदवायचा. मालकाने मजुरी मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्यांची लेव्ही. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, भरपगारी सुट्ट्या, बोनस. आज बनावट माथाडी आणि खंडणीच्या तक्रारी ऐकू येतात आणि त्या गंभीर आहेत. तरी मूळ रचना शहाणी होती. या गोष्टीत मालक नावाचं पात्र आहे, आणि त्याच्या खिशातून पैसे येतात.

आता महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८ वाचा. पेच तोच: एका बाईची चार घरं, एक मालक नाही. माथाडीचं उत्तर याच राज्याच्या कपाटात चाळीस वर्षं तयार पडलेलं होतं. इथेही मंडळ आहे, नोंदणी आहे, ओळखपत्र आहे. पण मजुरी मंडळातून जात नाही आणि घरमालकावर लेव्ही नाही. बाई सरकारकडे अर्ज करते, सरकार जमेल तशी मदत देतं. मालक या गोष्टीत जवळजवळ नाहीच.

या मंडळाची सगळ्यांना ठाऊक असलेली योजना म्हणजे ‘सन्मानधन’. ५५ वर्षं पूर्ण केलेल्या नोंदीत कामगाराला एकदाच १०,००० रुपये. पंधराव्या वर्षी काम सुरू केलेल्या बाईची पंचावन्नाव्या वर्षी चाळीस वर्षं होतात. भागाकार केला तर वर्षाला २५० रुपये. रक्कम लहान म्हणून मी हसत नाही. आक्का हसत नाहीत, तर मी कोण? मला खटकतो तो शब्द. सन्मान पाहुण्याचा करतात, शाल-नारळ देऊन. चाळीस वर्षं राबलेल्या माणसाचं येणं असतं, आणि येणं मागताना मान खाली घालावी लागत नाही.

केंद्राच्या २०१९च्या श्रमयोगी मानधन योजनेत साठीनंतर महिना ३,००० रुपये पेन्शन आहे. वर्गणी बाईने भरायची आणि तेवढीच सरकारने. मालकाचा रकाना नाही. शिवाय दाखल व्हायची वयोमर्यादा १८ ते ४०, म्हणजे आक्कांच्या वयाच्या बाईला दार आधीच बंद. २०२१च्या ऑगस्टमध्ये ई-श्रम पोर्टल आलं. आक्कांच्या रेशनकार्डाच्या पिशवीत त्याचं प्लास्टिक चढवलेलं कार्ड आहे, त्यावर बारा आकडे. सामाजिक सुरक्षा संहिता २०२०ची, अंमल २१ नोव्हेंबर २०२५पासून. तिच्यात असंघटित कामगारांसाठी वेगळं प्रकरण आहे, घरकामगारांचा उल्लेखही आहे, आणि विमा, आरोग्य, बाळंतपण, म्हातारपण यांच्यासाठी सरकारने योजना आखाव्यात असं म्हटलं आहे. योजना आखणं आणि हक्क देणं यांतलं अंतर आक्कांसारख्या बायकांना कायद्याच्या अभ्यासकांपेक्षा चांगलं कळतं.

सगळ्यांत नियमित पैसे त्यांना कुठून येतात, तर ‘माझी लाडकी बहीण’मधून, महिना १,५०० रुपये. त्या पैशांनी त्यांच्या घरात फरक पडला आहे, तो मी पाहते. पण इथेही सरकारने नात्याचाच शब्द उचलला. आणि ही योजना ६५व्या वर्षी थांबते. हात थकायला लागतात, नेमकं तेव्हा बहिणीचं नातं संपतं.

*

समोरची बाजूही ऐकली पाहिजे. घर म्हणजे कारखाना नाही. व्यापाऱ्याची बाजारात नोंद असते, हिशेबाच्या वह्या असतात. घरोघर तपासणीस कोण पाठवणार? आणि मालकीण नेहमी श्रीमंत असते असंही नाही. खुद्द कासुर्डीत काही घरांत म्हातारी एकटी राहते, पुण्यातला मुलगा महिन्याला काही पाठवतो आणि त्यातून ती भांड्यांच्या बाईला देते. तिच्यावर लेव्ही लावायची का?

या अडचणी खऱ्या आहेत, पण पहिल्यांदा आपल्यालाच आलेल्या नाहीत. फ्रान्समध्ये घरमालक सोप्या पद्धतीने पगार नोंदवतो आणि सामाजिक सुरक्षेची वर्गणी त्याबरोबरच भरली जाते, ही व्यवस्था १९९३पासून आहे. दक्षिण आफ्रिकेत मारिया महलांगू ही घरकामगार २०१२ साली मालकाच्या घरच्या जलतरण तलावात बुडून गेली. तिथल्या भरपाईच्या कायद्याने खासगी घरातल्या कामगारांना वगळलं होतं, म्हणून तिच्या मुलीला भरपाई मिळेना. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने ते वगळणं घटनाबाह्य ठरवलं. घर हीसुद्धा कामाची जागा आहे, हे त्या निकालाने मान्य केलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२५च्या जानेवारीत केंद्राला घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला समिती नेमायला सांगितलं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा घरकामगारांविषयीचा १८९वा करार २०११चा. भारताने त्याच्या बाजूने मत दिलं, पण अजून तो स्वीकारलेला नाही.

कासुर्डीत आणखी एक गुंता आहे, जो शहरातून लिहिलेल्या गोष्टींत आणि कायद्यांत दिसत नाही. पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचन आणि यवतच्या मधलं हे गाव. ऊस, कांदा, आसपास गुऱ्हाळं. आक्कांचा दिवस असा: पहाटे स्वतःचं घर, सकाळी आमच्याकडे आणि आणखी एका घरी भांडी, मग अकरापासून खुरपणी नाहीतर कांदा, संध्याकाळी पुन्हा भांडी. त्या घरकामगार की शेतमजूर? ई-श्रमवर एक मुख्य काम सांगावं लागतं. त्यांनी शेतमजुरी सांगितली, कारण, त्यांच्या शब्दांत, “भांडी घासनं काय काम हाय व्हय?” दोन शेतमालक आणि दोन घरं मिळून जो एक दिवस भरतो, त्याच्या चार तुकड्यांपैकी एकावरही फंड नाही. मंडळाची कल्पना खरी कामाला यायची तर ती इथेच, तुकडे जोडायला.

*

आता मूळ गोष्टीकडे. चित्रपट पाहिला त्यानंतर काही महिन्यांनी आक्कांनी एक कागद आणला. उरुळीला घरकाम करणाऱ्या त्यांच्या भाचीने दिला होता, घरेलू कामगार म्हणून नोंदणीसाठी. आक्कांना तीन वर्षांनी पंचावन्न पूर्ण होतील. कागदावर त्या कुणाकडे आणि कधीपासून काम करतात ते लिहून मालकाने सही करायची होती.

सासूबाई म्हणाल्या, “अगं, आपण कसले मालक? ती घरचीच आहे.” त्यांनी ते मनापासून म्हटलं. आणि मी, जी इतकी पानं या ‘घरची’ शब्दाविरुद्ध लिहिते आहे, पेन हातात घेऊन थांबले. उद्या कुणी विचारायला आलं तर? किती पगार देता, सुट्टी देता का, असं? चार दिवस कागद फ्रिजवर पडून राहिला. आक्कांनी एकदाही विचारलं नाही. त्या न विचारण्याची मला जास्त लाज वाटली.

पाचव्या दिवशी लिहायला बसले. कधीपासून, ते आठवेना. कुठे काही लिहिलेलं सापडतं का म्हणून स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिका काढल्या. सासूबाई जुन्या ठेवतात, मागच्या कोऱ्या जागेवर हिशेब असतो म्हणून. प्रत्येक महिन्यात दुधाच्या खुणांशेजारी लाल पेनाने ‘खा’ लिहिलेलं. आक्कांचे खाडे. गेल्या एप्रिलमध्ये सलग तीन ‘खा’ होते, त्यांना ताप आला होता तेव्हाचे. पुढच्या महिन्याच्या कोपऱ्यात तीन दिवसांचे पैसे वजा केलेले होते, माझ्याच अक्षरात.

आमच्या घरात आक्कांच्या कामाची लेखी नोंद एवढीच होती: त्या न आलेल्या दिवसांची. आलेल्या दिवसांची कुठेच नाही.

शेवटी त्यांनाच विचारलं. त्या लगेच म्हणाल्या, “तुमच्या पोराच्या पाचवीला आले की मी. तवापास्नं.” मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. मी कागदावर ते साल घातलं आणि मालकाच्या नावापुढे माझं पूर्ण नाव लिहून सही केली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. आक्कांनी कागद घडी करून रेशनकार्डाच्या पिशवीत, ई-श्रमच्या कार्डामागे ठेवला.

“एप्रिलचं तीन दिवसांचं राहिलंय,” मी म्हणाले, “या पगारात घालते.”

“कंचं तीन दिवस?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “अन् दुसऱ्या घरचं?”